भारंगीची भाजी, कडूपणा राखून

पहिल्या पावसाच्या सरी पडून गेल्या की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात रानभाज्यांच्या पाट्यांमध्ये भारंगी दिसू लागते. पानं जाडसर, खरखरीत, कडा करवतीसारख्या, आणि एका पेरावर दोन किंवा तीन. घ्यायचे ते फक्त शेंडे आणि त्याखालची दोन-तीन कोवळी पानं. जून पान कितीही शिजवा, चोथाच लागतो.

चार माणसांना निवडलेली पाव किलो पानं पुरतात. मधली जाड शीर काढून पानं उकडण्याआधीच बारीक चिरा. नंतर चिरली तर त्यांचा लगदा होतो. लिटरभर पाणी खळखळ उकळल्यावर त्यात टाका, झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटं उकडा. पाणी ओतून द्या, गार झालं की मुठीएवढे गोळे करून घट्ट पिळा. सगळा गोळा एकदम पिळला तर मधलं पाणी तसंच राहतं आणि भाजीत मध्येच एखादा घास कडूजहर लागतो. मात्र हेच दोन-तीनदा करू नका. थोडा कडूपणा राहायलाच हवा, चव त्यातच आहे.

अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ दोन तास आधी भिजवून ठेवा. मोड आलेले, सोललेले कडवे वाल असतील तर मी डाळीकडे वळणारही नाही. तीन चमचे तेलात ठेचलेल्या सहा-सात लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या, हिंग, हळद, मग दोन कांदे परता. डाळ आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा. दाणा बोटात दबला पाहिजे, पण अख्खा राहिला पाहिजे. आता भारंगी मोकळी करून घाला, मीठ घाला, पाच-सात मिनिटं परता. सुपारीएवढा गूळ आणि ओलं खोबरं अगदी शेवटी. गूळ आधी पडला तर डाळ टणक राहते. सोबत तांदळाची भाकरी.

पावसाळा सरत आला की निळसर फुलांचे तुरे येतात. त्यांचीही भाजी होते. देठ काढा, बाकी उकडणं-पिळणं तसंच.

औषधासाठी भारंगीची मुळं खणली जातात, आणि मूळ गेलं की झुडूप गेलं. म्हणून खुडताना शेंडाच खुडा, त्याने बगलफुटीही जास्त येतात. परसात जागा असेल तर जूनमध्ये जुन्या फांदीची वीतभर कांडी, दोन पेरं मातीत जातील अशी, अर्धवट सावलीत लावा. मुळाशी पाणी साचू देऊ नका, कांडी कुजते.