कॉलेजव्हिलचे शनिवार: छोट्या कॉलेजच्या फुटबॉल संघामागे एक हंगाम

मिनियापोलिस-सेंट पॉलकडच्या बहुतेक मराठी घरांत अमेरिकन फुटबॉल म्हणजे रविवारी टीव्हीवर दिसणारे व्हायकिंग्ज, म्हणजे मिनेसोटाचा व्यावसायिक संघ. स्टेडियममध्ये जायचं म्हटलं की तिकिटाचे आकडे बघून बेत बारगळतो. या सगळ्यांना माझा आग्रह आहे की ऑक्टोबरातला एक शनिवार मोकळा ठेवा, आय-९४ धरा आणि सेंट क्लाउड मागे टाकून कॉलेजव्हिलला जा. शहरापासून साधारण १३० किलोमीटर, दीड तासाच्या आत.

तिथलं सेंट जॉन्स हे बेनेडिक्टाइन मठाने चालवलेलं मुलांचं कॉलेज. मुलींचं सेंट बेनेडिक्ट जवळच्या सेंट जोसेफ गावात आहे. फुटबॉल संघाला सगळे ‘जॉनीज’ म्हणतात. हा संघ डिव्हिजन थ्रीमध्ये, कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तरात खेळतो, म्हणजे खेळासाठी कुणालाही शिष्यवृत्ती मिळत नाही. शनिवारी मैदानात धडका घेणारा मुलगा सोमवारी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये उभा असतो. तरीही क्लेमेन्स स्टेडियम भरतं. टेकड्यांमधल्या नैसर्गिक खळग्यात बसवलेलं हे मैदान, भोवती पाइनची झाडं. लाल स्वेटरमधले आजोबा, त्यांचा मुलगा आणि नातू, तिघेही याच कॉलेजचे, असं दृश्य इथे नवलाचं नाही.

या संघाची गोष्ट प्रशिक्षक जॉन गलार्डी यांच्याशिवाय सांगताच येत नाही. १९४३ साली कोलोरॅडोतल्या त्यांच्या शाळेचा प्रशिक्षक युद्धावर गेला आणि सोळा वर्षांच्या जॉनने संघ हातात घेतला. खेळाडू म्हणून जे जे नकोसं वाटायचं ते त्याने सरावातून काढून टाकलं. पुढे १९५३ ते २०१२ ते सेंट जॉन्सला होते. सरावात टॅकलिंग, म्हणजे धरून खाली पाडणं, नाही, शिट्ट्या नाहीत, सक्तीची वजनं नाहीत, ‘कोच’ अशी हाक नाही, नुसतं ‘जॉन’. संघात यायला उत्सुक असलेल्या मुलाला वगळायचं नाही, म्हणून बाकावर दीडशेहून जास्त मुलं. डास फार झाले तर सराव बंद! आणि या माणसाच्या नावावर ४८९ विजय आहेत, कॉलेज फुटबॉलमध्ये कुणाहीपेक्षा जास्त. १९६३, १९६५, १९७६ आणि २००३ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदं. माणसाला न मोडता जिंकता येतं, हे इतक्या वर्षांच्या निकालांनी दाखवून दिलेलं दुसरं उदाहरण मला खेळात सापडलेलं नाही. मुलांना क्लासेस आणि स्पर्धांना जुंपणाऱ्या आपल्यासारख्या पालकांनी हे मुद्दाम जाऊन बघावं.

खेळ कळणार नाही ही भीती सोडा. चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की नवे चार मिळतात, एवढं पुरे. नजर चेंडूवर न ठेवता समोरासमोर वाकलेल्या दोन रांगांवर ठेवा. कबड्डीत चढाईवाला रेषेकडे हात लांबवतो आणि पकडणारे त्याला मागे ओढतात, ती झटापट ज्याने पाहिलीय त्याला इथलं मर्म पहिल्या क्वार्टरमध्येच कळतं.

सामना बहुधा दुपारी एकला असतो, पण दहापर्यंत पोचा. आधी वास्तुकार मार्सेल ब्रॉयरने आखलेलं ॲबी चर्च बघा. ११२ फूट उंच काँक्रीटचा घंटाफलक आणि आत षट्कोनी चौकटींची रंगीत काच. मग सॅगाटॅगन तळ्याच्या कडेने स्टेला मॅरिस चॅपेलपर्यंत चाला. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मेपल पेटलेले असतात. शाकाहारी लोकांनी पार्किंगमध्ये खायला पोळीभाजीचा डबा घ्यावा, स्टॉलवर फारसं काही मिळत नाही. बॅगांचे नियम निघण्याआधी कॉलेजच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

बाहेरच्या सामन्यांमध्ये शहरातल्या लोकांना सोपा पडतो आर्डन हिल्समधल्या बेथेल विद्यापीठाविरुद्धचा. तिथली लढत कायम चुरशीची. गलार्डींनी २००३ मध्ये प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मोडला तो बेथेलविरुद्धच. मूरहेडच्या कॉन्कॉर्डिया कॉलेजला जायचं तर एक रात्र मुक्काम करा, वारा झोंबतो. नॉर्थफील्ड मात्र चुकवू नका. एकाच छोट्या गावात कार्लटन आणि सेंट ओलाफ अशी दोन कॉलेजं आहेत. १९७७ मध्ये या दोघांनी यार्डांऐवजी मीटरमध्ये आखलेल्या मैदानावर सामना खेळला होता! दरोडेखोर जेसी जेम्सच्या टोळीने १८७६ मध्ये लुटायचा प्रयत्न केलेली बँकही इथलीच.

एका गोष्टीची हळहळ वाटते. सेंट पॉलमधल्या सेंट थॉमस विद्यापीठाविरुद्धचं शंभर वर्षांहून जुनं वैर आता संपलं. २०१७ मध्ये मिनियापोलिसच्या टार्गेट फील्ड या बेसबॉल मैदानावर त्या दोघांना बघायला ३७,३५५ लोक आले होते, डिव्हिजन थ्रीमधला गर्दीचा विक्रम. पण थॉमस फार बलाढ्य झाला, त्याच वर्षी त्याने सेंट ओलाफला ९७-० ने हरवलं. पुढे या कॉलेजांच्या लीगने त्याला बाहेर काढलं आणि २०२१ पासून तो डिव्हिजन वनमध्ये, सर्वांत वरच्या स्तरात गेला. लहान कॉलेजांची बाजू मला पटते, तरी ती गर्दी पुन्हा दिसणार नाही याचं वाईट वाटतं.

नियमित हंगाम दहा सामन्यांचा. नोव्हेंबरच्या मध्यावर तो संपला की दुसऱ्या दिवशी, रविवारी, राष्ट्रीय बाद फेरीतले संघ जाहीर होतात. सुरुवातीच्या फेऱ्या कॉलेजांच्या मैदानांवरच होतात, त्यामुळे कॉलेजव्हिलला सामना मिळाला तर त्याचा शनिवार लगेच धरून ठेवा. त्या सामन्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. थर्मलचे दोन थर, लोकरीचे मोजे, बाकावर टाकायला घोंगडी आणि थर्मासात चहा हवाच. सूर्य पाचच्या आत मावळतो आणि त्या दिवसांत हरणं रस्त्यावर येतात, तेव्हा परतताना सेंट क्लाउडपर्यंत गाडी जरा हळू चालवा.