बाल्कनीतली सिगारेट आणि आमची भिशी

आमच्या भिशीचे पैसे यंदा साड्यांत घालायचे नाहीत, सगळ्यांनी मिळून क्रूझ करायची, असं इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका दुपारी ठरलं आणि नवरेमंडळी आपोआप त्यात ओढली गेली. अवंतिका एक्सप्रेसने मुंबई, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पियर आणि मग जहाज. आम्हा इंदूरकरांना समुद्राचं मुळातच अप्रूप, त्यात प्रत्येकाला स्वतःची बाल्कनी. गप्पा मारायला बरं म्हणून सगळ्यांनी एकाच मजल्यावर, एकाच बाजूला ओळीने केबिन घेतल्या. ही ओळच पुढे नडली.

शेजारच्या बाल्कनीत कोणी सिगारेट ओढत असेल तर जहाजाच्या लोकांना कळवावं की गप्प बसावं, असं परत आल्यावर बऱ्याच जणींनी मला विचारलं. मी कळवलं. ते सरळ मात्र झालं नाही.

टर्मिनलवर सामान स्कॅनरमधून गेलं तेव्हा आमच्यातल्या एका वहिनींची प्रवासात न्यायची छोटी इस्त्री बाजूला काढली गेली. पावती मिळाली, उतरताना परत घ्या म्हणाले. वहिनी चिडल्या. चुरगळलेल्या साड्यांत फोटो काढायचे का, म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, जहाजावाल्यांना बुडण्यापेक्षा आगीची धास्ती जास्त असते. भर समुद्रात फायर ब्रिगेडची गाडी येत नाही. जहाजावरच्याच माणसांनी अंगात आगीचा पोशाख चढवायचा आणि पाइप धरायचा. इस्त्री गेली. त्याच वहिनींच्या यजमानांच्या, म्हणजे भाऊंच्या, खिशातला लायटर मात्र राहिला.

आगीबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण माझी उभी नोकरी सरकारी विमा कंपनीच्या फायर विभागात गेली. क्लॉथ मार्केटच्या गोदामांपासून पीथमपूरच्या कारखान्यांपर्यंतच्या फाइली हातांखालून गेल्या. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘शॉर्ट सर्किट’ लिहिलेलं असायचं. ते लिहायला सोयीचं, त्यात कोणाचं नाव येत नाही. नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरबरोबर चहा पिताना मग खरं कारण बाहेर पडायचं, विडीचं थोटूक.

जहाजाचे नियम स्पष्ट होते. केबिनमध्ये ठेवलेल्या माहितीत होते आणि निघण्याआधी सगळ्यांना जमवून जी सुरक्षेची कवायत घेतात तिच्यातही सांगितले. सिगारेट वरच्या उघड्या डेकच्या ठरावीक कोपऱ्यातच ओढायची. केबिनमध्ये नाही, बाल्कनीत नाही, आणि थोटूक समुद्रात तर अजिबात टाकायचं नाही. मोडलं तर दंड केबिनच्या खात्यात चढणार. मोठ्या क्रूझ कंपन्यांमध्ये हा दंड सहसा शेकडो डॉलरमध्ये असतो. आपल्याकडे सार्वजनिक जागी सिगारेट ओढल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. त्या हिशेबाने वाढलेल्या माणसाला जहाजाचा आकडा खराच वाटत नाही.

पहिल्या रात्री जेवून आलो, बाल्कनीचं दार सरकवलं आणि धुराचा भपकारा आला. हे म्हणाले, “असू दे गं, सुट्टीवर आलेत लोक. आपल्या गॅलरीत आपण काय करतो ते कोणी विचारतं का?” मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पैसे मोजून घेतलेली बाल्कनी माणसाला घराची गॅलरी वाटते. पण घराच्या गॅलरीखाली रस्ता असतो. इथे खाली, वर आणि मागे बाल्कन्याच बाल्कन्या, आणि त्यांत लोकांचे टॉवेल, गाऊन वाळत पडलेले.

स्टार प्रिन्सेस या जहाजाची गोष्ट मला आमच्या ऑफिसातल्या सागरी विम्याच्या सहकाऱ्याने सांगितली होती. ती मी यांना तिथेच, रेलिंगपाशी ऐकवली. २३ मार्च २००६. पहाटे तीनच्या सुमारास, कॅरिबियन समुद्रात ग्रँड केमनहून जमैकाच्या माँटेगो बेकडे जाताना एका बाल्कनीत आग लागली. चौकशीत सर्वांत संभाव्य कारण निघालं ते टाकून दिलेल्या सिगारेटचं. बाल्कन्यांच्या मधले आडोसे पॉलिकार्बोनेटचे, सामान प्लास्टिकचं, वर समुद्राचा वारा. काही मिनिटांत आग वरच्या मजल्यांवर चढली. केबिनच्या आत फवारे होते, बाल्कनीत काहीच नव्हतं. धुराने एक प्रवासी दगावला, ऐंशीच्या आसपास केबिन पार निकामी झाल्या, आणखी दोनशेहून अधिक केबिनांचं नुकसान झालं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले. बाल्कनीतलं सामान आणि आडोसे सहजी पेट न घेणारे हवेत, सामान तसं नसेल तर बाल्कनीतही आग ओळखणारी आणि पाणी फवारणारी यंत्रणा हवी, हे जुलै २००८ पासून लागू झालं.

हे ऐकून यांनी आपली खुर्ची आत ओढून घेतली.

आता प्रश्न होता, ओढतंय कोण? रेलिंगवरून वाकून शेजाऱ्यांच्या बाल्कनीत डोकावणं धोक्याचं, आणि असभ्यही. आम्हा इंदूरकरांना कचरा दिसला की फोटो काढून महापालिकेच्या ३११ ॲपवर टाकायची सवय लागली आहे, पण कोणाच्या बाल्कनीचा फोटो काढायला माझा हात उठेना. वाऱ्याचा मात्र अंदाज बांधता येतो. जहाज पंधरा-सतरा नॉटने, म्हणजे तासाला तीसेक किलोमीटरने, पुढे जात असतं. वारा एकदम आडवा किंवा मागून जोराचा नसेल तर धूर मागे मागे जातो. म्हणजे ओढणारा आपल्या पुढच्या केबिनमध्ये, जहाजाच्या टोकाच्या बाजूला. मागच्यांवर संशय घेऊन उपयोग नाही. बंदरात जहाज उभं असलं की हा हिशेब चालत नाही, तेव्हा धूर कुठूनही येतो.

आमच्या लगेच पुढची केबिन भाऊ आणि वहिनींची होती.

भिशीत बसणाऱ्या बाईला यातली अडचण वेगळी सांगायला नको. पुढची भिशी त्यांच्याच घरी होती. भाऊ आम्हा सगळ्यांत वडील, गणपतीत वर्गणी गोळा करण्यापासून कोणाच्या मुलीचं स्थळ पाहण्यापर्यंत पुढे असणारे. रिसेप्शनला फोन करून त्यांचा केबिन नंबर सांगायचा, म्हणजे नंतर इंदूरला तोंड कुठे लपवायचं? पण भीड ही भिकेची बहीण. सकाळी नाश्त्याच्या रांगेत मी त्यांना गाठलं आणि हळूच म्हटलं, “भाऊ, रात्री बाल्कनीत ओढत होतात का?” ते गोरेमोरे झाले. “वास आला? एकच ओढली हो. वरचा डेक लांब पडतो, गुडघे बोलतात.” मी त्यांना स्टार प्रिन्सेस ऐकवलं नाही. एवढंच म्हटलं की वहिनींची इस्त्री ज्या कारणाने काढून घेतली, त्याच कारणाने ही सिगारेटही नको, आणि दंड तुमच्या बिलात लागेल तो वहिनींना दिसेल. दुसरा मुद्दा बरोबर लागला. त्या दिवसापासून भाऊ जेवणानंतर लिफ्टने वरच्या डेकवर जाऊ लागले, आणि यांनाही सोबत म्हणून नेऊ लागले.

मला वाटलं, मिटलं. त्याच रात्री पुन्हा धूर. भाऊ तर वर होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाल्कनीतल्या खुर्चीवर मी पोहण्याचा टॉवेल वाळत टाकला होता. संध्याकाळी पाहते तो त्याला करंगळीच्या टोकाएवढं काळं भोक, आणि खाली जमिनीवर अर्धं जळलेलं थोटूक. टॉवेल अजून दमट होता म्हणून भोकावर निभावलं. तो जहाजाचा टॉवेल होता, हरवला तर पैसे घेतात म्हणून त्याच्याकडे माझं जरा जास्तच लक्ष होतं. कोणी तरी पुढच्या किंवा वरच्या बाल्कनीतून थोटूक समुद्रात भिरकावलं होतं. समुद्रात टाकलेलं समुद्रातच पडतं हा ओढणाऱ्यांचा एक समज आहे. जहाजाच्या कडेने वारा असा वळतो की ते मागच्या बाल्कनीत येऊन पडू शकतं.

इथे मात्र मी क्षणभरही विचार केला नाही. धुराचं मी कदाचित सोडून दिलं असतं, जळत्या थोटकाचं सोडणार नव्हते.

केबिनमधल्या फोनवरून रिसेप्शनला सांगितलं. मुलगी हिंदीत बोलत होती, आवाज शांत. तिने विचारलं ते असं: तुमची केबिन कोणती, वेळ काय, धूर दिसला की नुसता वास, कोणाला पाहिलं का, आणि काही पुरावा आहे का. मी टॉवेल म्हटल्यावर तिचा सूर बदलला. “मॅडम, टॉवेल आणि थोटूक हलवू नका, फोटो काढून ठेवा. सिक्युरिटी येतेय.” तुमचं नाव शेजाऱ्यांना सांगितलं जाणार नाही, असंही तिने आपणहून सांगितलं.

गणवेशातले दोघे आले. एकाने थोटूक पिशवीत घातलं, टॉवेलचा फोटो काढला, वेळ लिहून घेतली. दुसरा रेलिंगपाशी उभा राहून वर आणि पुढे पाहत होता. त्याने मला स्वच्छ सांगितलं की नुसत्या वासावर आम्हाला कोणाला धरता येत नाही. आम्ही दार ठोठावेपर्यंत सिगारेट विझलेली असते आणि माणूस टीव्ही पाहत असतो. म्हणून वास आला की लगेच फोन करायचा, सकाळी नाही. वेळ जुळली की ते आपल्या नोंदींशी ताडून पाहतात. केबिन साफ करणाऱ्या मुलांनाही विचारतात, कारण कॉफीच्या कपात राख कोणाकडे सापडते हे त्यांना आधी कळतं. हे मला पटलं. फायरच्या फाइलीतही वॉचमनचा जबाब सगळ्यांत कामाचा असायचा.

मग त्याने विचारलं, “या ओळीत आणखी कोणी बाल्कनीत ओढताना तुम्हाला आढळलं का?”

मी म्हटलं, “आता कोणी नाही.”

हे खोटं नव्हतं. तरी ते दोघे गेल्यावर यांनी मला धारेवर धरलं. “आपल्या माणसाला कानात सांगणार आणि परक्याला सिक्युरिटी धाडणार. हा कुठला न्याय?” मी यावर तेव्हाही भांडले आणि आजही भांडेन. भाऊंना सांगता आलं, कारण ते ओळखीचे होते आणि ऐकतील अशी खात्री होती. अनोळखी माणसाचं दार वाजवून, त्याने दोन पेग घेतलेले असताना, मी त्याला आगीचं काय समजावणार? ते काम ज्यांना पगार मिळतो त्यांनी करायचं. प्रवाशांनी आपापसांत दारं ठोठावत फिरू नये, त्यातून भांडणंच होतात. आणि भाऊंनी पुन्हा ओढली असती तर? यांनी तेही विचारलं. तर त्यांचाही नंबर दिला असता, असं मी म्हटलं. हे हसले. यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यांना सिद्ध करून दाखवायची वेळ आली नाही हे माझं नशीब.

त्या रात्री साडेअकराच्या सुमारास पुन्हा धूर आला आणि मी लगेच फोन लावला. थोड्याच वेळात कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. भाऊंच्याही पुढच्या केबिनचं दार ठोठावल्याचा आवाज आला, मग एका पुरुषाचा चढा आवाज, मग काही नाही. नंतर काय झालं हे मला कोणी कळवलं नाही, आणि कळवायला नकोच होतं. आपण खबर द्यायची आणि बाजूला व्हायचं. निकाल मागायला बसलं की त्याचा हिशेब चुकता करण्याचा खेळ होतो. पुढे धूर आला नाही, एवढंच मी पाहिलं. टॉवेलचे पैसे आमच्या खात्यात लावू नयेत हे मात्र मी रिसेप्शनवर लेखी घेतलं. विमेवाल्यांची ती खोड जात नाही.

मुंबईला उतरायच्या सकाळी बिलासाठी रिसेप्शनपुढे रांग होती. पुढे एक पन्नाशीतले गृहस्थ भांडत होते. दंड कशाचा, आम्ही ओढलीच नाही, बाल्कनीचे पैसे भरलेत. मागचे लोक घड्याळं पाहत होते. काउंटरवरच्या मुलीने त्यांच्यापुढे एक कागद सरकवला. तो वाचून त्यांनी कार्ड काढलं. कागदावर काय होतं देव जाणे.

भाऊ माझ्या मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “कोणी सांगितलं असेल हो?”

“मी.”

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझं पण सांगितलंत?”

“नाही. तुम्ही ऐकलंत ना.”

“हिला सांगू नका,” असं म्हणून त्यांनी बिल उघडलं आणि एकेक ओळ बोटाने तपासू लागले. मागून वहिनी आल्या, त्यांच्या हातात इस्त्रीची पावती होती, आणि ती इस्त्री कुठल्या खिडकीवर परत मिळते ते कोणालाच ठाऊक नव्हतं.