सेवा कंत्राटातलं ‘सुधारणा’ कलम : बुटीबोरीतल्या एका एएमसीचा माझा अनुभव

नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या आमच्या पॅकेजिंग युनिटमध्ये कॉम्प्रेस्ड एअरचं, म्हणजे यंत्रांना लागणाऱ्या दाबलेल्या हवेचं, सगळं काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे आहे : स्क्रू कॉम्प्रेसर, ड्रायर, पाइपलाइन, आणि रीडिंग नोंदवायला त्यांनीच बनवलेला एक सॉफ्टवेअर प्रोग्राम. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कंत्राटाच्या, नूतनीकरणाचा मसुदा माझ्याकडे आला तेव्हा त्यात सुधारणेबद्दल एकच ओळ होती : “कंत्राटदार सेवा, प्रोग्राम व कार्यपद्धती यांत सतत सुधारणा करील.” जुन्या कंत्राटातही हीच ओळ होती आणि तिच्या जोरावर एकही प्रस्ताव आला नव्हता. ती ओळ काढून तिथे चालणारं कलम बसवण्यात बहुतेक वेळ गेला, आणि कुठे अडकलो, कसं सुटलो ते इथे लिहितोय. सेवा कंत्राट हाऊसकीपिंगचं असो, आयटीचं असो की लॅबचं, गाठी साधारण याच असतात.

त्या एका ओळीत तीन वेगळे विषय कोंबलेले असतात. सुधारणा सुचवायची जबाबदारी कोणाची, चालू व्यवस्थेत बदल करायची परवानगी कोण देणार, आणि सुधारणेतून निघालेला पैसा व हक्क कोणाचा. तिन्हींची तीन कलमं केली की वाटाघाटी सरळ होतात, कारण प्रत्येकाला उत्तर देणारा माणूस वेगळा असतो : पहिल्याला मेंटेनन्स, दुसऱ्याला प्रॉडक्शन आणि सेफ्टी, तिसऱ्याला फायनान्स. एकत्र ठेवली तर तिन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात आणि शेवटी जुनीच ओळ परत येते. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २९ असं सांगतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल. “सतत सुधारणा” म्हणजे किती, कशाच्या तुलनेत, कधीपर्यंत, हे कुठेच नसेल तर त्या ओळीवर दंड लावायला कोणी धजत नाही.

कंत्राटदाराची बाजू त्यांच्या साइट सुपरवायझरने पहिल्याच बैठकीत मांडली : “साहेब, गळती बंद केली का आमचीच माणसं कमी करता तुम्ही. मंग आम्ही काऊन सांगावं?” त्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. माणसांच्या हजेरीवर बिल होणाऱ्या कंत्राटात प्रत्येक सुधारणा म्हणजे कंत्राटदाराचा तोटा. म्हणून आधी बिलाची पद्धत बदलली : ठरलेली सेवा, ठरलेली मासिक रक्कम, माणसं किती लावायची ते त्यांनी बघावं. सुरक्षेपुरती किमान हजेरी तेवढी वेगळी लिहिली.

आमच्या पर्चेसला दरवर्षी ३ टक्के दर आपोआप कमी होणारं कलम हवं होतं. मी त्याला विरोध केला आणि आजही करीन. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. मजुरी वर जाते, दर खाली येतो, आणि मधली तफावत कंत्राटदार कच्चा माणूस लावून किंवा फिल्टर बदलायची मुदत लांबवून भरून काढतो. कागदावर सुधारणा दिसते आणि फिल्टर तुंबल्यामुळे वीज वाढते.

जबाबदारीचं कलम शेवटी असं झालं : “प्रत्येक तिमाहीत कंत्राटदार किमान एक लेखी प्रस्ताव देईल. त्यात आजची मोजलेली स्थिती, सुचवलेला बदल, एकरकमी खर्च, वर्षभरात अपेक्षित बचत आणि धोका या पाच बाबी असतील. अपूर्ण प्रस्ताव दिलेला धरला जाणार नाही.” प्रस्ताव नाही आला तर त्या तिमाहीच्या रकमेतला ठरावीक छोटा भाग रोखायचा. इथे बचतीची हमी मागायची नाही. हमी मागितली की कंत्राटदार आकडा खालचा सांगतो आणि मोठ्या कल्पना खिशातच ठेवतो.

आता आधाररेषा, म्हणजे बेसलाइन : सुधारणेआधीचा वापर, ज्याच्याशी तुलना करून बचत मोजायची आणि तिचा वाटा कंत्राटदाराला द्यायचा. सगळ्यात जास्त भांडण इथेच होतं, म्हणून इथे घाई करू नये. कंत्राटदाराने सुचवलं होतं, प्रति घनमीटर हवेला विजेची किती युनिट लागतात ते मोजू. ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण त्यात फक्त कॉम्प्रेसरची कार्यक्षमता दिसते. पाइपमधली गळती बंद झाली की हवा कमी बनते, वीजही कमी लागते, आणि गुणोत्तर जवळपास तिथेच राहतं. म्हणजे सगळ्यात मोठी बचत मोजमापातूनच गायब. उलट नुसतं प्रति हजार बॉक्स युनिट घेतलं तर मंदीच्या महिन्यात आकडा फुगतो, कारण गळती आणि रिकामं फिरणं उत्पादनावर अवलंबून नसतं. उपाय म्हणजे एक स्थिर भाग आणि एक उत्पादनाबरोबर बदलणारा भाग. उदाहरणासाठी सोपे आकडे घेतो : महिन्याचे अपेक्षित युनिट = १६,००० + (११ × हजार बॉक्स). २० लाख बॉक्स निघाले तर १६,००० + २२,००० = ३८,०००. सबमीटरवर, म्हणजे कॉम्प्रेसरच्या वेगळ्या वीजमीटरवर, ३१,५०० आले तर बचत ६,५०० युनिटची. हे सूत्र आणि एक सोडवलेलं उदाहरण परिशिष्टात जसंच्या तसं छापलं. उदाहरण छापलं की नंतर अर्थ लावायचा वाद उरत नाही.

नागपूरचा उन्हाळा या सूत्रात घ्यावाच लागतो. कॉम्प्रेसरमध्ये जाणारी हवा ४ अंशांनी गरम झाली की तेवढ्याच हवेसाठी साधारण १ टक्का जास्त वीज लागते, हा ऊर्जा लेखापरीक्षणातला नेहमीचा हिशेब आहे. कॉम्प्रेसर रूममध्ये जानेवारीत २५ आणि मे महिन्यात ४५ अंश असतील तर निव्वळ ऋतूमुळे ५ टक्क्यांचा फरक. आधाररेषा मे महिन्यात घेतली तर डिसेंबरमध्ये काही न करता कंत्राटदाराला वाटा मिळेल. डिसेंबरमध्ये घेतली तर मे महिन्यात त्याची खरी बचतही बुडेल. आम्ही सबमीटरच्या सलग १२ महिन्यांच्या नोंदी घेतल्या आणि तुलना त्या नोंदींतल्या त्याच महिन्याशी ठेवली. ज्यांच्याकडे सबमीटरच नाही त्यांनी आधी तो बसवावा, कॅलिब्रेशन प्रमाणपत्र परिशिष्टाला जोडावं, आणि तोवर वाट्याचं कलम सुरूच करू नये.

गळतीसाठी वेगळी चाचणी लिहून घेतली. सुटीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद, हवेचा कुठेच वापर नाही, आणि कॉम्प्रेसर चालू. तो लोडवर (हवा दाबत) किती वेळ राहतो आणि अनलोड (रिकामा फिरत) किती वेळ, हे सलग काही फेऱ्यांत घड्याळ लावून मोजायचं. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, गुणिले १०० म्हणजे गळतीची टक्केवारी. २ मिनिटं लोड आणि ६ मिनिटं अनलोड म्हणजे २५ टक्के. इथे एक पळवाट असते : चाचणीआधी लाइनचे आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद केले की यंत्रांच्या बाजूची गळती मोजलीच जात नाही. म्हणून कोणते व्हॉल्व्ह उघडे आणि कोणते बंद याची नंबरवार यादी जोडली, आणि चाचणीला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस हजर राहून त्याच दिवशी सही करील असं लिहिलं.

युनिटचे रुपये कसे करायचे, हा फायनान्सचा प्रश्न. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा दर धरला तर चुकतं, कारण त्यात मागणी आकारही (कमाल मागणीवर लागणारा आकार) येतो आणि युनिट वाचले म्हणून तो आपोआप उतरत नाही. फक्त ऊर्जा आकार आणि त्यावरचे कर धरले. आमचं उच्चदाबाचं बिल केव्हीएएचवर (एकूण घेतलेल्या विजेवर) येतं आणि सबमीटर केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष कामात आलेली वीज) दाखवतो, म्हणून महिन्याच्या पॉवर फॅक्टरने (या दोन्हींच्या गुणोत्तराने) रूपांतर करायची ओळही टाकली. वरच्या उदाहरणात ८ रुपये दर धरला तर ५२,००० रुपये, आणि निम्मा वाटा म्हणजे कंत्राटदाराला २६,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, बिल वेगळं.

वाटा किती महिने द्यायचा? एखाद्या वर्षातच आधाररेषा खाली ओढली तर कंत्राटदार दुसरा प्रस्ताव देत नाही. २४ महिने निम्मा वाटा आणि त्यानंतर त्या बचतीपुरती आधाररेषा नवी, असं ठरलं. त्यांनी स्वतःच्या पैशाने काही बसवलं तर महिनावार उतरत्या रकमेचा तक्ता लावला. ३ लाखांचे फ्लोमीटर २४ महिन्यांत विभागले की महिन्याला १२,५००. कंत्राट आम्ही दहाव्या महिन्याअखेर संपवलं तर उरलेल्या १४ महिन्यांचे १,७५,००० आम्ही द्यायचे आणि मीटर आमचे. हा तक्ता नसेल तर कोणताही शहाणा कंत्राटदार स्वतःचा पैसा घालणार नाही.

कंत्राटदार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर एमएसएमईडी कायदा, २००६ चा इथे थेट संबंध येतो. सेवेबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती स्वीकारली असं धरलं जातं, आणि लेखी मुदत ठरलेली असली तरी पैसे ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत. आमच्या मसुद्यात बचत तपासायला ३० दिवस होते. ते १० केले, आणि वाद असेल तर वादातली रक्कम तेवढी थांबवून बाकीची द्यायची असं लिहिलं. मोजमापाचा वाद थेट लवादाकडे नेला नाही. दोघांच्या संमतीने नेमलेला प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक आकडा ठरवील, तो आकडा दोघांना बंधनकारक, फी अर्धी-अर्धी. लवाद बाकीच्या वादांसाठी आहे आणि त्याचं स्थान नागपूर.

परवानगीच्या कलमात प्रॉडक्शनची भीती खरी असते. दाब ७ बारवरून ६.२ वर आणला की वीज वाचते, पण लाइनच्या शेवटच्या टोकाच्या मशीनचा सिलिंडर अर्ध्यात अडखळू लागतो. म्हणून प्रत्येक बदल आधी ३० दिवस चाचणीवर, सगळ्यात दूरच्या मशीनजवळ गेज लावून, आणि मूळ सेटिंग परत कोण, किती वेळात आणणार हे आधी लिहून. मंजूर चाचणीच्या काळात त्या बदलामुळे सेवा घसरली तर दंड नाही. मंजुरीशिवाय केलेल्या बदलामुळे घसरली तर पूर्ण दंड. १५ कामकाजाच्या दिवसांत आमचं उत्तर नाही आलं तर प्रस्ताव प्लांट हेडकडे जातो. मौन म्हणजे होकार हे वाक्य मी कुठेही राहू दिलं नाही, कारण सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा रिसीव्हर टँकला (दाबलेली हवा साठवायच्या टाकीला) हात लावणारा बदलही त्यातून निसटू शकतो.

बदलाला संमती देऊ शकणाऱ्यांची पदं नावानिशी लिहावीत. करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे दोघांच्या संमतीने करार बदलतो, आणि शिफ्ट इंचार्जने व्हॉट्सॲपवर टाकलेलं “ठीक आहे, करा” हीसुद्धा संमती होती असा दावा उद्या उभा राहू शकतो. आमच्याकडे फक्त दोन पदांची सही चालते, आणि प्रत्येक बदल-पत्रकाला क्रमांक असतो.

राहिला हक्काचा प्रश्न, आणि त्यात सॉफ्टवेअर प्रोग्राम सगळ्यात नाजूक. पैसे आपण दिले म्हणून प्रोग्राम आपला, असा सर्रास समज आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि तो बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिला असेल तर लेखी हस्तांतरणाशिवाय हक्क साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. हस्तांतरण लिहिलं पण मुदत लिहिली नाही, तर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरतात; प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत; आणि वेगळं लिहिलं नसेल तर वर्षभरात हक्क न वापरल्यास हस्तांतरण गळून पडतं. तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. आम्ही मूळ प्रोग्राम त्यांच्याकडे ठेवला, कारण तो ते इतर ग्राहकांनाही देतात आणि विकत घ्यायची किंमत परवडणारी नव्हती. कायमचा वापर परवाना घेतला, आणि आमच्यासाठी खास केलेल्या सुधारणांचा सोर्स कोड प्रत्येक आवृत्तीबरोबर द्यायचा असं ठरवलं. डेटा पूर्ण आमचा, दर महिन्याला सीएसव्हीमध्ये. पीएलसीचा (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचा) पासवर्ड बंद पाकिटात प्लांट हेडकडे, आणि बदलला की त्याच दिवशी नवीन पाकीट. कंत्राटदार बदलताना सगळ्यात जास्त अडवणूक या पासवर्डवरून होते.

कार्यपद्धती, म्हणजे तपासणीचे तक्ते आणि वेळापत्रकं, आमच्या झाल्या. हीच सुधारणा कंत्राट संपल्यावर दुसऱ्या कारखान्यात करू नये, असं आमच्या एका खात्याला हवं होतं. कंत्राटानंतर धंद्यावर घातलेलं असं बंधन करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकणं कठीण, म्हणून आमचे आकडे आणि ड्रॉइंग गुप्त ठेवायची अट ठेवली आणि बाकी ज्ञान त्यांना मोकळं सोडलं.

सहीच्या वेळी स्टॅम्पकडे लक्ष द्यावं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तांना १०० ऐवजी ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क लागतं. कंत्राटात बांधकाम किंवा उभारणीचं काम असेल तर हिशेब वेगळा होतो, तो सल्लागाराकडून आधी करून घ्यावा. शुल्क सहीच्या दिवशी, फार तर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरलेलं असावं. प्रत्येक परिशिष्टाच्या प्रत्येक पानावर दोघांची सही हवी, विशेषतः आधाररेषेच्या सूत्राच्या पानावर. आणि कंत्राट संपल्यावरही लागू राहणाऱ्या कलमांची यादी द्यावी : गुप्तता, वापर परवाना, डेटा, उतरत्या रकमेचा तक्ता, आणि शेवटच्या महिन्यात मोजलेल्या बचतीचा राहिलेला वाटा. आमच्या मसुद्यातल्या यादीत हा शेवटचा वाटा नव्हता. सहीच्या आदल्या दिवशी कंत्राटदाराच्या अकाउंटंटने तो घालायला सांगितला, आणि आम्ही घातला.