आमची वाटचाल : दिवे, डिमर आणि भाड्याच्या खोल्या

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील भाड्याच्या गाळ्यात मी आणि माझ्या भागीदाराने सहा हॅलोजन स्पॉट आणि एका जुन्या डिमरवर (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) नाटकांना प्रकाशसाहित्य पुरवण्याचा व्यवसाय सुरू केला. गडकरी रंगायतन आणि काशिनाथ घाणेकर नाट्यगृह येथील प्रयोगांवर आमचे घर चालले, आणि ती वर्षे सुरळीत गेली.

सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम 377 च्या कक्षेतून वगळले. त्यानंतर काही महिन्यांनी एका छोट्या संस्थेच्या ताई आमच्याकडे आल्या. घरच्यांनी बाहेर काढलेल्या समलिंगी आणि पारलिंगी तरुणांसाठी त्या कळवा, मुंब्रा, दिवा भागांत खोल्या शोधत असत. निकाल लागला तरी घरमालकांचा नकार संपला नव्हता. मुलाच्या वागण्याबोलण्यावरून शंका आली की दलाल फोन उचलत नसे. डिपॉझिटची रक्कम उभी करण्यासाठी ताईंनी एका नाटकाचा प्रयोग विकत घेऊन देणगी प्रवेशिका खपवायचे ठरवले. आम्ही आमच्या साहित्याचे भाडे निम्मे केले आणि नाट्यगृहाच्या परवानगीने बाहेर संस्थेचे टेबल लागले. पुढे असे प्रयोग होत राहिले.

याच काळात आमच्याच व्यवसायातील एका मोठ्या पुरवठादाराने निर्मात्यांच्या कानावर घातले की, आमच्या गाळ्यात आता भलतीच मंडळी वावरतात. तीन निर्मात्यांनी ठरलेले दौरे काढून त्याला दिले. दर कमी केल्यामुळे कामे गेली असती तर मी तक्रार केली नसती, परंतु ज्या मुलांना राहायला जागा नाही त्यांची बदनामी करून ती नेली, हे मी आजही विसरलेलो नाही.

मार्च 2020 मध्ये नाट्यगृहे बंद झाली, नोव्हेंबरमध्ये निम्म्या प्रेक्षकसंख्येवर उघडली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झाली आणि थेट 22 ऑक्टोबर 2021 रोजी उघडली. या काळात गाळ्याचे भाडे थकले, मालकाने जागा रिकामी करण्यास सांगितले, मुलीच्या शिक्षणासाठी भागीदाराने आपला हिस्सा काढून घेतला (त्याला मी दोष देत नाही), आणि मी डिमर विकायला काढला. तेव्हा ताईंनी पुढील दोन प्रयोगांचे भाडे आगाऊ आणि पूर्ण दराने पाठवले. मी निम्मे परत करू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "जागा सुटली की काय होते, ते आम्ही रोज पाहतो. आधी गाळा राखा." त्या पैशांवर गाळा राहिला.

अशा संस्थांना माझे सांगणे आहे की, खोली मिळाली की लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवूनच घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि नोंदणी नसेल तर, विरुद्ध पुरावा नसल्यास, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तरुण प्रकाशयोजनाकारांनाही सांगतो की हॅलोजनच्या दिव्याला उघडे बोट लावू नये. बोटाचे तेल काचेवर राहिले की ती जागा तापून दिवा फुटतो.

आता बहुतेक साहित्य एलईडीचे आहे, तरी जुने दोन स्पॉट मी ताईंच्या प्रयोगासाठी राखून ठेवले आहेत. त्या तीन निर्मात्यांपैकी एक गेल्या वर्षी परत आले. मी त्यांना पूर्ण दर लावला आणि प्रयोगाच्या दिवशी बाहेर संस्थेचे टेबल लागेल, अशी अट घातली. ती त्यांनी मान्य केली.