टाळ मिटला की मुका होतो

पौष वद्य दशमीला पहाटे नाशिकहून त्र्यंबकच्या वाटेला लागलो. निवृत्तिनाथांची यात्रा एकादशीला, गावोगावच्या दिंड्या तिकडेच निघालेल्या. साधारण २८ किलोमीटरची चाल. सातपूर मागे पडलं तरी थंडीनं बोटं वळत नव्हती.

निफाडकडच्या एका दिंडीत सामील झालो. शेजारच्या बाबांनी आपला टाळ माझ्या हाती दिला. मी हुरूपानं दोन्ही वाट्या एकमेकींवर दाबून धरत होतो, त्यामुळे नुसतंच ठक्क व्हायचं. बाबा म्हणाले, "दाबू नका, माउली. टाळ मिटला की मुका होतो. लागला की सोडा." त्यांनी दोरी माझ्या बोटाला नीट गुंडाळून दिली. पुढच्या ठोक्याला नाद सुटला, लांबवर गेला.

महिरावणीपर्यंत तेच मनात घोळत राहिलं. देवाशी ऐक्य म्हणजे दोघांपैकी एकानं पुसलं जाणं, असंच मी धरून चाललो होतो. पण हा नाद कोणत्या वाटीचा? वाट्या दोन, मधे मोकळी जागा, आणि नाद एक. 'अमृतानुभवा'त शिवशक्तीबद्दल ज्ञानदेव हेच सांगतात: दिवे दोन पण प्रकाश एक, डोळे दोन पण दृष्टी एक. कितीदा वाचलं होतं! हाताला कळलं ते त्या रस्त्यावर.

शास्त्रात मुक्तीच्या चार अवस्था आहेत: सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता. देवाच्या लोकात राहणं, जवळ असणं, त्याच्यासारखं होणं, त्याच्यात मिळून जाणं. मला त्या जिन्याच्या पायऱ्या वाटायच्या. वाटेवर तसं होत नाही. अंजनेरीच्या पायथ्याला पावली, म्हणजे टाळांच्या तालावर सगळ्यांनी एकत्र पावलं टाकत नाचणं, सुरू झाली, तेव्हा काही क्षण माझं पाऊल कोणतं ते मला सांगता आलं नसतं. मग टाच दुखली आणि मी पुन्हा माझा झालो. परत अभंग, परत तेच. वारकरी मुक्ती नको, भक्ती दे म्हणतात त्याचा अर्थ मला इथे लागला. पुरतं मिळून गेल्यावर नाम कोण घेणार आणि कुणाचं?

ब्रह्मगिरी दिसला तशी दिंडीची चाल वाढली. समाधीच्या दर्शनाला मोठी रांग होती. निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे थोरले भाऊ, आणि गुरूही. गुरू आणि शिष्य या दोन्ही शब्दांचा अर्थ श्रीगुरूच, असं ज्ञानदेवांनी त्यांच्याबद्दलच लिहिलंय. तरी ते लिहायला शिष्य लागलाच ना! समाधीवर डोकं टेकलं तेव्हा डोळे भरून आले होते.

बाहेर येऊन बाबांना टाळ परत दिला. बोटावर दोरीचा लाल वळ उठला होता. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर ते माझ्या पायांशी वाकलेले. दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "माउली!"