दुर्भाटची फेरी आणि दोन दारांची गाडी

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी गाडीची एक वही केली. रोज रात्री त्यात लिहायचं: आज गाडी किती वेळा बाहेर निघाली, कुठे गेली, आत माणसं किती होती. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत मी अकाउंट्स बघते. आकडा समोर असल्याशिवाय मला निर्णय घेताच येत नाही. महिनाअखेरीस बेरीज मांडली. एकूण ५२ फेऱ्या. त्यातल्या ४१ वेळा गाडीत मी एकटी. सहा वेळा सोबत आई, तीन वेळा मुलगा, आणि चौघं बसलो असे प्रसंग फक्त दोन.

आकडा मला हवा तसाच आला होता. पर्वरीत एक गाडी मी बघून ठेवली होती. ऑडी टीटी, २०१२ची, चंदेरी, दोन दारांची. मालकाने गाडी जिवापाड जपलेली, पंधरा लाख सांगत होता. आमची वॅगन आर अकरा वर्षांची झाली होती आणि घरात, ऑफिसात, अगदी देवळातही मला एकच सल्ला मिळत होता: उंच गाडी घे, डिकी मोठी बघ, घरच्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी घे. वही मात्र सांगत होती की शंभरातल्या जवळजवळ ऐंशी वेळा मागच्या सीटवर माझी डब्याची पिशवीच बसते.

ही ओढ आजची नाही. मी कॉलेजात असताना, १९९९-२०००च्या सुमारास, मिरामारला रस्त्याच्या कडेला एक लाल, ठेंगणी गाडी उभी दिसली होती. सॅन स्टॉर्म. फायबरग्लासची बॉडी, आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, साठेक अश्वशक्ती. बाबा म्हणाले, ‘बघून घे बाय, ही आपल्या गोव्यात बनते.’ मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. आत फक्त दोन सीट. मला आठवतं, त्या दोन सीट बघूनच मला काहीतरी झालं होतं. तोवर मी पाहिलेली प्रत्येक गाडी कोणाला तरी कुठेतरी पोचवण्यासाठी होती. ही चालवण्यासाठी होती.

आईला सांगितलं, कूपे, म्हणजे टीटीसारखी दोन दारांची बसकी गाडी, घ्यायचा विचार चाललाय. तिने विचारलं, ‘रेल्वेतला तो?’ लग्नानंतर ती आणि बाबा वास्कोहून मिरजेला मीटरगेजच्या गाडीने गेले होते, पहिल्या वर्गाच्या दोन बर्थच्या कूपेतून, आणि ते तिने आम्हाला शंभरदा सांगितलंय. तिचं बरोबरच होतं, शब्द एकच आहे. फ्रेंचमध्ये कुपे म्हणजे कापलेला. मोठ्या बग्गीतली एक बैठक कापून टाकून ती दोघांपुरती केली, तेव्हापासूनचं हे नाव. आई ऐकून घेऊन म्हणाली, ‘म्हणजे कोणाची तरी जागा कापलेली.’ ती सहज बोलून गेली, पण माझ्या डोक्यातून ते जाईना.

व्यवहाराच्या नावाखाली लोक जे सांगतात त्यातलं बरंचसं खरं नसतं, हे मला या शोधात कळलं. डिकीचंच घ्या. मी दुसऱ्या बाजूला ठेवली होती ती नवी स्विफ्ट, २०२४ची. तिची डिकी २६५ लिटरची. टीटीची २९०च्या आसपास, वर मागचं अख्खं दार काचेसकट उघडतं आणि मागच्या सीट आडव्या पडतात. चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान, नारळ, केळीचे घड आणायचे तर टीटीत जास्त मावलं असतं. मागच्या दोन सीट लहान मुलांपुरत्याच, हे मान्य. पण माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला तिथे बसायची घाई झाली होती.

खर्चाचं थोडक्यात सांगते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०१२ची गाडी २०२७ला पुन्हा आरटीओत न्यायची. एप्रिल २०२२पासून साध्या गाडीला या नूतनीकरणाचे ५,००० रुपये आणि आयात केलेल्या गाडीला ४०,००० झालेत, आणि टीटी आयात केलेलीच. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचं तेल ६०,००० किलोमीटरला बदलायचं, चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेचं तेल वेगळं. हे सगळं मी वहीत मांडलं आणि सोसेल असं ठरवलं. पैशाने माझा निर्णय फिरवला नाही.

मालक सज्जन निघाला. एका शनिवारी सकाळी स्वतः शेजारी बसून म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या रोजच्या रस्त्याने न्या. शोरूमसारखी चक्कर मारून काही कळत नाही.’ असं सांगणारा विकणारा मला दुसरा भेटलेला नाही.

पर्वरीहून अटल सेतूवर चढलो. २०१९ला हा पूल सुरू झाल्यापासून मी शेकडो वेळा त्यावरून गेले असेन, पण खाली मांडवी इतक्या पटकन मागे पडताना कधी बघितली नव्हती. २११ अश्वशक्ती, शून्यापासून शंभरला सहा सेकंदही लागत नाहीत. नुसता पाय टेकवला तरी पाठ सीटमध्ये रुतत होती. स्टिअरिंग खाली सपाट, हातात घट्ट बसणारं. छप्पर इतकं जवळ, जणू गाडी अंगात घातलीय. पुलाच्या त्या सरळ पट्ट्यावर मला वाटलं, ठरलं, आता कोणाचं काही ऐकायचं नाही.

जुने गोवे, बाणास्तारी, कुंडईचा चढ, म्हार्दोळ. इथवरही छान. मग कवळ्याला घरी थांबलो, आईला दाखवायला. दार एवढं लांब की आमच्या गेटच्या खांबाला लागू नये म्हणून अर्धंच उघडता आलं. आईने आधी हात टेकवला, मग गुडघा वाकवला, मग थांबली. मी आणि मालक दोघांनी धरून तिला बसवलं. बसल्यावर तिने डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘सुंदर आहे गं.’ उतरताना मात्र तिला जवळजवळ उचलावंच लागलं. ती काही बोलली नाही, पदर सारखा केला आणि आत गेली.

वाचणाऱ्याला वाटेल, इथेच निर्णय झाला. नाही झाला. आईसाठी महिन्याला सहा फेऱ्या, तर त्याला वॅगन आर ठेवता आली असती. मी तसं मनाशी ठरवलंही होतं.

मग मालकाला म्हटलं, आता माझा खरा रस्ता. कवळ्याहून वेर्ण्याला मी बोरीच्या पुलावरून जाते. पुलावर ट्रकांची रांग लागली की दुर्भाटला वळायचं आणि फेरीबोटीने जुवारी ओलांडून रासईला, तिथून लोटलीतून वर. त्या दिवशी मुद्दाम फेरीच घेतली.

ओहोटी होती. ज्यांनी फेरीवर गाडी चढवलीय त्यांना ओहोटीचा अर्थ माहीत आहे. पाणी उतरलं की बोट खाली जाते, धक्क्याचा उतार लांब होतो, आणि शेवाळलेल्या काँक्रीटचा उतार संपून बोटीचा लोखंडी रॅम्प जिथे सुरू होतो तिथे एक कोपर तयार होतो. वॅगन आर तो कोपर विचारतसुद्धा नाही. मी उतरून टीटीच्या पुढच्या बम्परखाली हात घातला. अंगठा आणि करंगळी ताणून वीत लावायला गेले, तर वीत उभी राहीना, तळहात मुडपला. फेरीवरचा माणूस हाताने तिरकी घ्यायची खूण करत ओरडत होता, ‘सवकास बाय, सवकास!’ मी तिरकी घेतली. एक चाक रॅम्पवर, दुसरं काँक्रीटवर, पाय ब्रेकवर थरथरतोय, मागे दोन स्कूटरवाले आणि सायकलवर रिकामी टोपली घेऊन परतणारा पोदेर, म्हणजे पाववाला, थांबलेला. आणि मग खालून तो आवाज आला. खर्रर्र. लांबलचक, दात शिवशिवतील असा. मालक म्हणाला, ‘काही नाही हो, खालचं प्लास्टिक आहे, लागतंच.’ त्याच्या चेहऱ्यावर मात्र मला दिसलं की आवाज त्याला कुठे लागला ते.

पलीकडे उतरताना पुन्हा तेच. मग लोटलीचा रस्ता. वळणं अशी की त्यांच्यासाठीच मी रोज लवकर निघते. दोन्ही बाजूंना जुनी घरं, झाडांची कमान, मधेच शेताचा उघडा तुकडा. हाच रस्ता त्या गाडीत मला दिसला नाही. मी फक्त डांबर बघत होते. खड्डा, गतिरोधक, पाइपलाइनसाठी खणून बुजवलेला पट्टा, पुन्हा खड्डा. तिचे टायर २४५/४० आर १८. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची उंची २४५ची चाळीस टक्के, ९८ मिलिमीटर. हा हिशेब मी त्या वळणांवर मनात करत होते आणि दर खड्ड्याला श्वास धरत होते. पुढे एक बस. ताशी पस्तीस. तिच्यामागे २११ घोडे दोन किलोमीटर गुरगुरत राहिले. गिअर गाडीच बदलत होती, माझा डावा पाय रिकामा.

वेर्ण्याच्या पठारावर पोचलो तेव्हा माझे खांदे दुखत होते. रोज सकाळी ज्या पंचवीस मिनिटांसाठी मला चांगली गाडी हवी होती, ती पंचवीस मिनिटं त्या गाडीने घाबरण्यात घालवली. तोवर मी समजत होते की माझ्यापुढे आनंद आणि जबाबदारी यातली निवड आहे. तसं नव्हतंच. मला गाडी चालवायला आवडते, म्हणूनच ती गाडी मला चालणार नव्हती. ती वाईट नाही, अजिबात नाही. तिला अटल सेतूसारखा रस्ता हवा, आणि माझ्या महिन्याच्या ५२ फेऱ्यांत अटल सेतू तीनदा येतो.

पुढच्या आठवड्यात स्विफ्ट त्याच रस्त्याने नेली. मॅन्युअल, पाच गिअर, ८२ अश्वशक्ती. टायर १८५/६५ आर १५, म्हणजे रबराची उंची १२० मिलिमीटर. फेरीवर चढताना मी खूण करणाऱ्याकडे बघितलंही नाही. लोटलीच्या वळणावर दुसऱ्यावरून तिसरा टाकला, क्लच सोडला, आणि गाडी हलक्या अंगाने आत वळली. वजन साडेनऊशे किलोच्या आत, ते हाताला कळतं. तिची जेवढी ताकद आहे तेवढी मी त्या रस्त्यावर पुरेपूर वापरू शकते, आणि तरीही वेग असा नसतो की समोरून येणाऱ्या म्हाताऱ्याला दचकून गटाराकडे सरकावं लागेल. टीटीची अर्धी ताकद वापरायलाही मला त्या रस्त्यावर अविचारी व्हावं लागलं असतं.

मालकाला फोन करून नाही म्हटलं. कारणही खरं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘मी पण कधी फेरीवर नेत नाही.’

मला दुःख झालं नाही असं नाही. ऑगस्टमध्ये भर पावसात पर्वरीहून परतताना तीच चंदेरी गाडी अटल सेतूवर माझ्या बाजूने पुढे गेली, नंबरावरून ओळखली. चालवणारा दुसराच कोणी होता. मागच्या लाल दिव्यांची ती रुंद, बसकी पाठ पावसात दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले. सतरा-अठरा वर्षांच्या वयात मनात बसलेली गोष्ट स्विफ्टच्या चावीने निघून जात नाही. जावी असं मला वाटतही नाही.

आई नव्या गाडीत स्वतःहून बसते. आधी बसायची, मग पाय आत घ्यायचे, असं तिचं तिनेच बसवलंय.

मला बाबांनी मारुती ८००वर शिकवलं, फर्मागुडीच्या चढावर. चढावर गाडी थांबवायला लावायचे, खाली उतरायचे आणि मागच्या चाकाला चिकटून काड्यापेटी उभी ठेवायचे. हँडब्रेक सोडत, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर जुळवत गाडी पुढे काढायची. मागे एवढीशी सरकली तरी काड्यापेटी चपटी. पहिल्या दिवशी सहा पेट्या गेल्या होत्या. ८००चं इंजिन तीन सिलिंडरचं, थांबलेलं असताना सीटखालून एक बारीक थरथर यायची. नव्या स्विफ्टचंही तीन सिलिंडरचंच. पहिल्यांदा सिग्नलला थांबले तेव्हा ती थरथर पायाला लागली आणि मी खिडकीची काच उगाच खाली केली.

परवा मुलाला घेऊन त्याच चढावर गेले. त्याला काड्यापेटीची गोष्ट सांगितली होती, म्हणून तो घरातून देवापुढची पेटी खिशात घालून आला होता. चाकामागे ठेवली आणि चार पावलं दूर जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी ब्रेक सोडला, क्लच जुळवला, गाडी पुढे गेली. पेटी शाबूत. तो उड्या मारत आला. आता या गाडीत चढावर दोन क्षण ब्रेक आपोआप धरून ठेवायची सोय आहे, ती मी त्याला अजून सांगितलेली नाही. पेटी त्याने परत खिशात घातली आणि म्हणाला, ‘आई, आता पुन्हा, आणखी उभ्या चढावर.’