तुलांबेनचे दगड आणि 'लिबर्टी'चा सांगाडा

'लिबर्टी' या बुडालेल्या जहाजाचा सांगाडा डाइव्ह करून बघायला निघालेल्या आमच्या ग्रुपला धास्ती होती ती पाण्याच्या खोलीची. प्रत्यक्षात घाम फोडला तो किनाऱ्याने. बालीच्या ईशान्येला तुलांबेनला मऊ वाळूचा किनारा नाहीच, नारळाएवढे काळे गुळगुळीत दगड आहेत. पाठीवर सिलिंडर, कमरेला वजनं आणि पायाखाली हे! तिथल्या बायका मात्र डोक्यावर सिलिंडर घेऊन त्यावरून झपाझप चालत होत्या.

हे अमेरिकन मालवाहू जहाज 1918 सालचं. जानेवारी 1942 मध्ये लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो डागला. ओढून बालीच्याच सिंगराजा बंदराला न्यायचा प्रयत्न झाला, पण आत पाणी भरत गेल्यामुळे ते तुलांबेनच्या किनाऱ्यालाच लावावं लागलं. 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि जहाज घसरून किनाऱ्यालगतच्या समुद्रात गेलं. म्हणूनच बोट लागत नाही, किनाऱ्यावरून थेट पोहत जाता येतं.

मेडिकल फॉर्मवर आमच्यातल्या एकाने सायनसच्या त्रासापुढे 'हो' लिहिलं होतं, त्याला डॉक्टरांचं पत्र आणावं लागलं. मग उथळ पाण्यात एक चाचणी डाइव्ह. कोण किती हवा ओढतो हे बघून गाइडने जोड्या लावल्या. मित्रमैत्रिणींची ताटातूट झाली, कुरकुरही झाली. पण हवा लवकर संपवणाऱ्याबरोबर जोडीदारालाही परतावं लागतं, तेव्हा गाइडचंच बरोबर होतं. 'ओपन वॉटर' हा डाइव्हिंगचा पहिला कोर्स केलेल्यांना 18 मीटरची मर्यादा. पुढचा 'अ‍ॅडव्हान्स्ड' कोर्स केलेले वेगळे निघाले.

आम्ही उजाडता उजाडता उतरलो. लाट ओसरली की चार पावलं, कमरेएवढ्या पाण्यात जोडीदाराच्या खांद्याला धरून पायात फिन्स (पोहायचे रबरी पंख) चढवायचे आणि लगेच खाली. काळ्या उतारावर बागेतल्या रोपांसारख्या उभ्या असलेल्या ईल (सापासारखे लांब मासे) जवळ जाताच वाळूत गडप होत होत्या. पुढे जहाज आलं, पण ते जहाज आहे हे कळायलाच वेळ लागला. एका कुशीवर पडलेलं, फुटलेलं, फासळ्यांवर प्रवाळ आणि समुद्रपंखे. इतक्या पहाटे येण्याचं कारण म्हणजे बंपहेड पॅरटफिश. रात्री सांगाड्याच्या आडोशाला झोपणारे हे थोराड मासे उजाडल्यावर बाहेर पडतात. प्रवाळ फोडताना त्यांच्या दातांचा कडाकडा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो.

सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाचा हिशोब असा: 200 बारपासून सुरुवात, 100 ला मागे फिरायचं, 50 शिल्लक ठेवून वर. वर येताना सुरक्षेसाठी घ्यायचा पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा एरवी कंटाळवाणा असतो. इथे सांगाड्याचा वरचा भाग तेवढ्याच खोलीवर येतो, त्यामुळे तोही बघण्यात गेला. बाहेर येताना पुन्हा तेच दगड.

दुपारी डोंगरावरच्या किंतामणीला जायचा बेत गाइडने हाणून पाडला. लागोपाठ डाइव्ह केल्यावर विमानाआधी निदान 18 तास थांबायचं असतं, नाहीतर हवेचा दाब कमी झाल्यावर अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, आणि उंच डोंगरावरही तोच धोका. ग्रुप नेणाऱ्यांनी डोंगर आधी उरकावेत, समुद्र मग, आणि परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस कोरडा ठेवावा.